कोंबड्यांची करमणूक

करमणूक हा शब्द आपण माणसांनी स्वतःसाठीच राखून ठेवला आहे. नाटके, सिनेमे, गाण्याच्या बैठका, क्रिकेटचे सामने यांना आपण करमणूक म्हणतो; फार उदार झालो तर मांजराच्या पिलापुढे लोकरीची गुंडी सोडून त्याच्या उड्यांनाही तेच नाव देतो. कोंबडीच्या बाबतीत मात्र आपली ही उदारता आखडते. तिने दाणे टिपावेत, अंडी घालावीत आणि एखाद्या रविवारी निमूटपणे कढईची वाट धरावी, एवढाच तिचा जीवनक्रम आपण मनाशी आखून ठेवलेला असतो. त्यामुळे ‘आज कोंबड्यांच्या करमणुकीसाठी कोबीचा गड्डा न्यावयाचा आहे,’ असे मी शिक्षकांच्या खोलीत सहज बोलून गेलो, तेव्हा उसळलेल्या हशाचे मला नवल वाटले नाही. आमच्या गणिताच्या सरांनी तर त्यांच्यासाठी एखादा रेडिओही घ्यावा, अशी सूचना केली. त्या गड्ड्यामागची हकीकत मात्र हसण्याजोगी नव्हती.

आमचे घर बेळगाव शहराच्या पश्चिम कडेला आहे. पूर्वी परसाचे दार उघडले की मोकळे माळरान आणि त्यापलीकडे भाताची व रताळ्यांची शेते दिसत. २०२१ साली वडील गेल्यानंतर आई खानापूर तालुक्यातील गावाहून आमच्याकडे राहावयास आली. येताना तिच्याबरोबर एक लोखंडी पेटी होती, पाटावरवंटा होता आणि डालग्याखाली झाकलेल्या तीन कोंबड्या होत्या. पेटीला घरात सहज जागा मिळाली. पाटावरवंटा जिन्याखाली गेला. कोंबड्यांना माळरान मिळाले. स्वतः आईला कोठे ठेवावे, हे मात्र आम्हांला नीटसे कळेना. तिचे गुडघे दुखत असल्यामुळे वैद्यांनी उकिडवे बसण्यास मनाई केली होती. सून ताट वाढून समोर आणून देई, नातवंडे पाण्याचा तांब्या हाती देत. चाळीस वर्षे भाताच्या चिखलात उभी राहिलेली ही बाई दिवसभर व्हरांड्यातील खुर्चीवर बसून राही. बरे आहे का, म्हणून विचारले की ‘बरं हाय की माझं’ एवढेच म्हणे. तिचे जेवणही कमी झाले होते.

तीनांच्या सात कोंबड्या झाल्या, एक कोंबडाही झाला. पुढे २०२२ साली मागच्या माळाचे भूखंड पडले, भिंती उभ्या राहिल्या, आणि भटक्या कुत्र्यांनी एका आठवड्यात आमच्या दोन कोंबड्या उचलल्या. उरलेल्यांना वाचवावयाचे तर कोंडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पंधरा फूट लांब आणि आठ फूट रुंद असे जाळीचे आवार बांधले. त्यात खुराडे, पाण्याचे भांडे आणि बाजारात मिळणाऱ्या तयार खाद्याचे पन्हाळे ठेवले. वाटीने मोजून खाद्य घालावे आणि निर्धास्त असावे, अशी ही व्यवस्था होती.

महिना झाला नाही तोच कापशीच्या पाठीवरील पिसे विरळ होऊ लागली. कापशी ही आमची पांढरी कोंबडी. स्वभावाने भिडस्त, पंक्तीत सर्वांच्या शेवटी उभी राहणारी. कोंबड्यांत मानपानाची एक उतरंड असते. कोणी कोणास टोचावे याचा क्रम ठरलेला असतो, हे नॉर्वेच्या शेल्डरुप-एबे या अभ्यासकाने शतकापूर्वी दाखवून दिले आहे. या उतरंडीच्या तळाशी असलेल्या कापशीवर आता सर्वांच्या चोची चालू लागल्या होत्या. एकीने पिस उपटले की दुसरी धावे. मग कातडीला जखम झाली. आणि रक्ताचा लाल ठिपका दिसला की कोंबड्या त्यावर तुटून पडतात, हे ज्याने पाहिले आहे तो ते दृश्य विसरत नाही. एके सकाळी कापशी कोपऱ्यात डोके जाळीत खुपसून उभी होती आणि तिच्या पाठीचा तळहाताएवढा भाग उघडा, रक्ताळलेला होता. आईने तिला उचलले, जखमेवर हळद दाबली आणि डालग्याखाली वेगळे झाकून ठेवले.

सल्ला देणाऱ्यांची वाण नव्हती. कोणी म्हणाले, खाद्यात काही कमी पडत असेल. कोणी उवा-पिसवांचा संशय घेतला. ही कारणे खोटी नव्हेत. दाटी, प्रखर उजेड, अन्नातील उणीव, अंगावरील किडे यांपैकी कशानेही कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात. मी एकेक तपासून पाहिले. खाद्य चांगले होते, किडे नव्हते, सहा पाखरांना जागाही अगदी अपुरी नव्हती. मोठ्या प्रमाणावर कोंबड्या पाळणारे एक परिचित गृहस्थ म्हणाले, ‘‘चोचींची टोके तापल्या पात्याने छाटून टाका. आम्ही पिलू असतानाच छाटतो.’’ दुसऱ्या एकाने याहून सोपा, मसाल्याचा उपाय सुचवला.

आई मात्र दोन दिवस खुर्ची जाळीजवळ ओढून नुसती पाहत बसली होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘पोट भरलंय त्यांचं. चोचीला काम न्हाई.’’

मग तिने कोबीचा एक गड्डा मागवला. बाहेरची पाने काढून टाकून तो धुतला, देठाजवळ आरपार भोक पाडून त्यातून काथ्याची दोरी ओवली आणि नातवाकरवी जाळीच्या आडव्या वाशाला टांगविला. उंची तिने स्वतः ठरविली : कोंबडीने मान ताणल्यावर चोच सहज पोहोचेल, पण उडी मारावी लागणार नाही इतकी.

पहिल्या पाच मिनिटांत कोणी जवळ गेले नाही. असली हिरवी, गोल, अधांतरी वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. कोंबड्याने मान उंच करून घशातून धोक्याचा सूर काढला; बाकीच्या एक पाय उचलून, डोके तिरके करून एकेका डोळ्याने त्या गड्ड्याचे निरीक्षण करू लागल्या. शेवटी काळी पुढे झाली. तिने एक टोच मारली, गड्डा हलला, ती दोन हात मागे उडाली. पुन्हा आली, पुन्हा टोचले. या वेळी पानाचा एक तुकडा चोचीत राहिला. तो घेऊन ती पळत सुटली आणि तिच्यामागे तांबडी, तांबडीमागे चितळी! आवारात अर्धा तास नुसती धांदल उडाली. गड्डा फिरे, झुले, टोचणाऱ्याच्या छातीवर येऊन आपटे. एकीने पान ओढून धरले की दुसरी त्याच पानाचे दुसरे टोक पकडे. मधल्या काळात कोंबड्याला आपल्या कर्तव्याची आठवण झाली. खाली पडलेला एक तुकडा चोचीने उचलून, खाली टाकून, पुन्हा उचलून तो ‘कुक् कुक्’ करीत माद्यांना बोलावू लागला. वास्तविक तो तुकडा काळीनेच पाडलेला होता. संध्याकाळपर्यंत दोरीला केवळ देठाचा बुंधा उरला. त्या दिवशी कोणाचे पिस उपटले गेले नाही, असे मी म्हणणार नाही. पण आईने मोजले होते, आणि आदल्या दिवशीपेक्षा ते पुष्कळच कमी होते.

आईच्या त्या एका वाक्याला पुस्तकांत आधार सापडतो का, म्हणून मी शोध घेतला आणि अक्षरशः चकित झालो. आपल्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज जो लाल रानकोंबडा, त्याच्या दिनक्रमाचा हिशेब मेरियन डॉकिन्स या विदुषीने १९८९ साली प्रसिद्ध केला. दिवसाच्या जागत्या वेळेतील दर १०० मिनिटांपैकी सुमारे ६० मिनिटांत माद्या जमिनीवर चोच मारताना आणि सुमारे ३४ मिनिटांत पायाने जमीन उकरताना आढळल्या. म्हणजे शोधणे हाच त्यांचा संसार. आता पन्हाळ्यात पीठासारखे बारीक खाद्य आयते ठेवले तर कोंबडीचे पोट थोड्याच वेळात भरते. पण हजारो पिढ्यांनी चोचीत भरून ठेवलेली ती ओढ कोठे जाणार? जमिनीत काही मिळेना, म्हणजे ती शेजारणीच्या पाठीकडे वळते. पिसे उपटण्याचा रोग हा पुष्कळदा या वळलेल्या ओढीचाच प्रकार असतो, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

याहूनही विलक्षण गोष्ट पुढेच आहे. १९६३ साली जेन्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदरांपुढे अन्नाची भरलेली बशी ठेवली आणि शेजारी एक दांडी ठेवली. दांडी दाबली की तेच अन्न थोडेथोडे मिळे. शहाण्या प्राण्याने बशीतले खावे की नाही? परंतु पुष्कळ उंदीर बशी सोडून दांडी दाबून खाऊ लागले. डंकन आणि ह्यूज यांनी १९७२ साली हाच प्रश्न कोंबड्यांना विचारला. त्यांच्याही कोंबड्यांनी, आयते अन्न समोर असताना, चकती टोचून मिळणाऱ्या अन्नासाठी खटपट केली. फुकटाचे नको, मिळविलेले हवे, ही हौस माणसाचीच खासियत आहे अशी माझी तोवर समजूत होती. माणसात ती पुष्कळदा दिसत नाही, हा भाग वेगळा.

असो. एक गड्डा टांगून प्रश्न कायमचा सुटत नाही. दुसऱ्या दिवशी कोंबड्यांना त्याची ओळख झालेली असते आणि चौथ्या दिवशी कंटाळा येतो. तेथून आईच्या प्रतिभेला बहर आला. एके दिवशी काकडी उभी चिरून तिच्या दोन होड्या करून ठेवायच्या. कोंबड्या आधी बिया टिपतात, मग गर, आणि शेवटी कागदासारखी साल उरते. लाल भोपळ्याचा आतला तंतूंचा गाभा त्या चवीने खातात. शेवग्याच्या डहाळ्यांची जुडी उलटी टांगली तर प्रत्येक पान वेगळे खुडावे लागते, म्हणून ती फार वेळ पुरते. मुळ्याचा पाला बारीक चिरून वाळलेल्या पाचोळ्यात मिसळला आणि त्यात मूठभर ज्वारी पेरली, तर दोन तास पाय आणि चोच यांना विश्रांती नसते. नवलकोल मात्र त्यांना प्रथम मुळीच जमेना. घट्ट साल चोचीखालून सटकून जाई. तेव्हा आईने त्याची एक बाजू कापून दिली. पुढील दोन दिवस त्या एका नवलकोलाचा फुटबॉल झाला. झणझणीत मिरची चिरून टाकली तरी कोंबड्या बिया शांतपणे वेचतात, कारण मिरचीचा तिखटपणा पाखरांना जाणवतच नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दारावरची झेंडूची तोरणे उतरली की दोरा काढून पाकळ्या आवारात उधळावयाच्या, हा आता आमच्या घरचा एक सणच होऊन बसला आहे. दोरा काढण्याविषयी आई फार कडक आहे. तो पोटात गेला तर कोंबडी दगावू शकते.

पाला टांगण्यात नुसती गंमत नाही, हेही तिच्याकडून कळले. कोंबडीला दात नाहीत. गिळलेले अन्न आधी गळ्याच्या बुडाशी असलेल्या पिशवीत साठते आणि पुढे खड्यांनी भरलेल्या पोटातल्या जात्यात दळले जाते. जमिनीवर मोकळे पडलेले लांब पान तिला तोडता येत नाही. ती ते तसेच गिळू पाहते, आणि लांब चिवट गवताचा गुंता त्या पिशवीत अडकून बसतो. पान दोरीला घट्ट बांधलेले असेल तर ओढताना जोर मिळतो आणि हवा तेवढाच तुकडा तुटतो.

काय द्यावे याइतकेच काय देऊ नये, हेही महत्त्वाचे आहे. हिरवट पडलेला बटाटा, त्याची साल, कोंब आणि पाला विषारी. टोमॅटोचा पालाही त्याच कुळातला, म्हणून वर्ज्य. याउलट रताळ्याचा वेल कोंबड्यांना खुशाल द्यावा. नावाने बटाट्याचा भाऊ वाटला तरी तो वेगळ्या घराण्यातला आहे. कच्चा राजमा, अव्होकाडो, खारवलेले पदार्थ आणि बुरशी आलेले काहीही देऊ नये. पालक थोडाच द्यावा. त्यातील आम्ल अंड्याच्या कवचाला लागणारा चुना अडवून धरते. आणि कोंबडी आवडीने खाते म्हणून दिवसभर भाजीच घालावी, असेही नाही. कोबीच्या १०० भागांत ९० हून अधिक भाग पाणीच असते. अंडी घालणारी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणा-खाद्य खाते. पाण्याने पोट भरले तर ते कमी पडते आणि अंडे रोडावते. यासाठी आई सकाळी खाद्य घालते आणि दुपार कलल्यावर भाजी टांगते.

या भाजीपायी आई घराबाहेर पडू लागली. बेळगावचा भाजीपाला रोज गोव्याकडे जातो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गाड्या भरून गेल्यावर बाजारात मागे काय उरते, हे मी कधी पाहिले नव्हते. कोबीची बाहेरची पाने, फुलकोबीचे देठ, मुळ्याचा पाला, मार लागलेली गाजरे यांचे ढीग पडलेले असतात. आठवड्यातून दोनदा आई नातवाला घेऊन रिक्षाने तेथे जाते. ती मिळेल ते मात्र उचलत नाही. कोबीच्या बाहेरच्या पानांवर फवारणी सर्वांत जास्त बसते. म्हणून ‘‘कंच्या शेतातला हाय? फवारून किती दिस झाले?’’ अशी तिची उलटतपासणी चालते. विकणाऱ्या बायकांपैकी दोघी तिच्या गावाकडच्याच निघाल्या. आता त्या चांगला पाला तिच्यासाठी बाजूला ठेवतात, आणि पाल्याबरोबर गावाकडच्या लग्नांच्या, बाळंतपणांच्या, पावसाच्या बातम्याही देतात. घरी आल्यावर ती ते सर्व धुऊन, निथळून, तीन टोपल्यांत वेगळे करते. वैद्यांची आज्ञा मोडू नये म्हणून तिने सुताराकडून एक उंच स्टूल करून घेतले आहे.

त्या खटपटीचा रंग तिने मला दोन ठिकाणी दाखविला : अंड्याच्या बलकात आणि कोंबडीच्या पायांत. हा पिवळा रंग कोंबडी स्वतः तयार करू शकत नाही. तो हिरव्या पाल्यातून, मक्यातून, झेंडूतून तिच्या अंगात येतो. भरपूर अंडी घालणाऱ्या कोंबडीचे पिवळे पाय हळूहळू फिके पडतात, कारण तो रंग बलकाकडे जाऊ लागतो. यातही एक मौज आहे. लाल रानकोंबडा हा पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज खरा. परंतु हा पिवळा रंग कातडीत टिकवून धरण्याचा गुण तिला त्याच्याकडून मिळालेला नाही. तो करड्या रानकोंबड्याकडून आला आहे, असे स्वीडनमधील संशोधकांच्या नेतृत्वाखाली झालेल्या २००८ सालच्या अभ्यासात सिद्ध झाले. हा करडा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला. आईच्या गावामागच्या रानात पहाटे जो आरवतो, तोच हा. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत त्याचा अंश आहे, हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘मग काय तर! रानातलंच पाखरू ते. ते जाळीत गप बसंल व्हय?’’

गेल्या हिवाळ्यात आठवीच्या दोन मुलींनी विज्ञानाच्या तासासाठी आमच्या परसात एक प्रयोग केला. एका थाळीत मोकळी ज्वारी ठेवली आणि तेवढीच ज्वारी मुळ्याच्या चिरलेल्या पाल्यात लपवून चार हातांवर पसरली. गणिताचे सर मुद्दाम आले होते. थाळीच जिंकणार, यावर त्यांनी चहाची पैज लावली. कोंबड्या सुटल्या आणि थेट थाळीवर गेल्या. सर माझ्याकडे पाहून हसले. परंतु पाच-सात मिनिटांत काळीने थाळीकडे पाठ केली आणि पाल्यात पाय घातला. तिच्यामागून एकेक करून सर्वजणी तिकडे गेल्या. थाळीत निम्मी ज्वारी तशीच पडून होती. चहा सरांनी पाजला. त्या मुली वहीत मिनिटे लिहून घेत होत्या, आणि आई स्टुलावर बसून त्यांना कोणत्या कोंबडीचे नाव काय, हे सांगत होती.

कापशी डालग्याखाली तीन आठवडे राहिली. जखम भरली, तरी तिला आवारात परत सोडणे सोपे नव्हते. गैरहजर राहिलेल्याला उतरंडीत जागा उरत नाही. आईने त्या दिवशी एकाऐवजी तीन ठिकाणी तीन जुड्या टांगल्या आणि सर्वजणी चोची वर करून गुंतलेल्या असताना कापशीला हलकेच खाली ठेवले. दोघींनी तिच्याकडे वळून पाहिले, एकीने एक टोचही दिली. पण मेथीची जुडी अधिक मोलाची होती. काही पिसे लवकर उगवली, मोडलेली मात्र पुढच्या पीसझडीनंतरच नवी आली. आता तिची पाठ भरलेली आहे. उतरंडीत ती अजून शेवटचीच आहे. फक्त शेवटच्या जुडीवर तिचा हक्क इतरांनी मानलेला दिसतो.

पावसाळ्यात कोबी महागतो आणि बाजारचा पाला चिखलाने भरतो, म्हणून यंदा आईने आवाराच्या बाहेरच्या अंगाला रताळ्याच्या वेलांचे तुकडे लावले आहेत. वेल जाळीवर चढू लागला आहे. जेवढी पाने भोकांतून आत येतात तेवढी कोंबड्या खुडतात, बाहेरची वाढत राहतात. पहिल्या सरीनंतर काळी सबंध सकाळ एका पानासाठी जाळीच्या भोकात चोच घालून उभी होती. आई जेवणाचे ताट मांडीवर घेऊन स्टुलावरूनच ते पाहत होती, आणि सुनेने भात वाढू का म्हणून विचारले तेव्हा तिने ताट पुढे केले. उद्याच्या बाजारासाठी तिने दोन नवलकोल आणि चार हात काथ्या सांगून ठेवला आहे.